घूस पकडायची तर आधी तिचे बीळ ओळखा



गेल्या महिन्यात एका तरुण वाचकाचे पत्र आले. घरची दीड एकर भाताची खाचरे आणि विहिरीलगत थोडा भाजीपाला. तो लिहितो, "सकाळी उठून पाहावे तर वाफ्यात आणि बांधावर भुसभुशीत मातीचे ढीग उकरलेले असतात. बीळ मात्र दिसत नाही. मोबाईलवर पाहिले तेव्हा परदेशात असे ढीग 'मोल' नावाचा प्राणी करतो असे समजले. त्याला पकडण्याचा लोखंडी सापळाही पाहिला. तो आपल्याकडे कोठे मिळेल?"

पत्र वाचून बरे वाटले. औषध कोणते मारू असे न विचारता सापळा कोठे मिळेल असे विचारणारा शेतकरी क्वचित भेटतो. परंतु हा सापळा आपल्या कामाचा नाही, कारण मोल हा प्राणीच महाराष्ट्रात नाही. तो युरोप-अमेरिकेतला. आपल्या देशात तो आढळतो तो पूर्व हिमालयाकडे, सिक्कीम-दार्जिलिंगसारख्या भागात. मोल धान्य खात नाही, तो जमिनीखालची गांडुळे आणि अळ्या खातो. परदेशातला सापळा जमिनीखालच्या त्याच्या बोगद्यात बसवतात. आमिष लागत नाही, कारण मोल रोज त्याच बोगद्याने ये-जा करतो.

आपल्या बांधावरचे ढीग हे घुशीचे काम. दोन्ही ढीग इतके सारखे दिसतात की इंग्रजांनी आपल्या शेतातल्या घुशीला 'मोल रॅट' म्हणजे मोलसारखा उंदीर असेच नाव दिले होते. इंग्रजीत तिला 'बॅन्डिकूट' म्हणतात, तो शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून गेला. अर्थ डुक्करउंदीर. खवळली म्हणजे अंगावरचे केस फुलवून ती गुरगुरते, ते ऐकले की नाव पटते.

घुशी दोन प्रकारच्या. गावात गटारीच्या कडेला, जुन्या वाड्यांच्या पायात राहते ती मोठी घूस. शेतात नासधूस करते ती लहान घूस. वजनाने पाव किलोच्या आसपास, तोंड आखूड आणि गोलसर, रंग काळपट तपकिरी, शेपूट अंगापेक्षा आखूड. भात, गहू, ऊस, भुईमूग, काही सोडत नाही. आणखी एक प्राणी लोक घुशीत धरतात, तो म्हणजे चिचुंद्री. लांब टोकदार नाक, बारीक डोळे आणि उग्र वास. चिचुंद्री किडे खाते, पिकाला तिचा उपद्रव नाही. मोलचे नाते जुळते ते घुशीशी नव्हे, या चिचुंद्रीशी. पिंजऱ्यात सापडली तर सोडून द्या.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. सांगायला फारशी अभिमानाची नाही, पण या विषयावर लिहायचे तर ती टाळता येणार नाही.

१९९८ साली मी मावळातल्या एका वाडीवर घूस निर्मूलनाच्या मोहिमेसाठी गेलो होतो. नोकरीला चार-पाच वर्षे झालेली, अंगात उत्साह भरपूर. भात पोटरीवर आलेले. झिंक फॉस्फाईडचे विषारी आमिष तयार केले, त्याच्या कागदी पुड्या बांधल्या. पुडी बिळात खोल सरकवून तोंड बुजवायचे, हे मला पुस्तकातून तोंडपाठ होते. पण पाऊस भरून आला, संध्याकाळ झाली आणि अजून निम्मी वाडी राहिलेली. शेवटच्या चार-पाच बांधांवर मी पुड्या नुसत्या बिळांच्या तोंडाशी टाकल्या आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. एका मावशींच्या नऊ कोंबड्या बांधावर मरून पडल्या होत्या. मी सायकल काढून गेलो. मावशी ओसरीवर बसल्या होत्या, मांडीवर दीड-दोन वर्षांचा नातू. मला वाटले आता चांगले ऐकवणार. त्या एवढेच म्हणाल्या, "सायेब, कोंबड्या गेल्या त्या गेल्या. पर ह्यो पोरगा रोज त्याच बांधावर बसतो. त्यानं त्वांडात घातलं असतं तर?"

मी काय उत्तर देणार? झिंक फॉस्फाईड पोटात गेले की आतल्या आम्लाने त्याचा विषारी वायू होतो. त्यावर उतारा नाही. मी कोंबड्यांचे पैसे दिले, मावशींनी ते मोजून घेतले. आणि घुशी? आठ दिवसांनी जाऊन पाहिले तर बांधावर ताजे ढीग होतेच. ज्या घुशीने थोडेसे विष चाखले आणि वाचली, ती पुन्हा त्या आमिषाला आठवडेच्या आठवडे शिवत नाही.

त्या वर्षी मावशींची तीस गुंठ्यांतली खाचरे मी कापणीपर्यंत पाहत होतो. कडेच्या खाचरात निम्म्या लोंब्या गेल्या. बांध आतून पोखरलेला, एका रात्रीत खाचरातले पाणी खालच्या खाचरात उतरले आणि ऐन दाणा भरताना जमीन भेगाळली. घरात खाणारी माणसे सहा. विकायला भात उरले नाहीच, फाल्गुनापासून विकत आणावे लागले.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्या वाडीवर गेलो, ते शिकायला. मावशींच्या शेजारी एक कातकरी भाऊ काम करीत. ते बांधावरून चालता चालता बोटाने दाखवीत : हे जुने, हे रिकामे, हे कालचे, हिच्यात पिलं आहेत. मी बी.एस्सी. झालेला माणूस, मला सगळे ढीग सारखेच दिसत. घूस पकडण्याचे जे काही आज मला येते, त्यातले निम्मे त्या चार दिवसांतले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बीळ जिवंत आहे की रिकामे हे ओळखणे. पुस्तकात लिहिलेले असते की संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने बुजवा, सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. साध्या शेतउंदराला हे बरोबर लागू पडते. घुशीचे उलटे आहे. ती स्वतःच आतून मातीचा बोळा लावून बिळाचे तोंड बंद करते, म्हणून पत्र पाठवणाऱ्या आपल्या मित्राला ढीग दिसतो आणि बीळ दिसत नाही. तेव्हा संध्याकाळी ढिगाची माती हाताने बाजूला करा, बोळा फोडून बीळ उघडे ठेवा आणि शेजारी बांबूची काडी रोवा. सकाळी पुन्हा ताज्या ओलसर मातीने ते बुजलेले दिसले तर घूस आत आहे. उघडेच राहिले तर तिथे सापळा लावून रात्र वाया घालवू नका. एका बिळाला तोंडे तीन-चार असतात, तीही शोधा.

नुकसान घुशीचेच आहे ना, हेही पाहून घ्यावे. खोडकिड्याने लोंबी पांढरी पडते, आपण तिला पळींज म्हणतो. ती ओढली की सहज उपटून हातात येते, कापलेली नसते. घूस चूड जमिनीपासून दोन-चार बोटांवर तिरपे कुरतडते, कोयत्याने छाटावे तसे. खाते थोडे, कापते जास्त आणि लोंब्या ओढून बिळात साठवते. कातकरी भावांनी एक बांध खोदला तेव्हा आतल्या कोठीतून पाटीभर लोंब्या निघाल्या. मावशींनी त्या निवडून, वाळवून कोंबड्यांना घातल्या. माणसाने ते धान्य खाऊ नये.

आता सापळा. घुशीसाठी माझी पसंती चापाला, म्हणजे खटका पडून मान आवळणाऱ्या सापळ्याला. उंदराचा छोटा चाप चालत नाही, घूस तो घेऊन पळते. मोठा, कडक स्प्रिंगचा घ्यावा आणि तारेने खुंटीला बांधून ठेवावा, नाहीतर रात्री कुत्रे किंवा कोल्हा चापासकट सावज नेतो. जनावर मारायचेच तर ते एका फटक्यात मरावे, तडफडत ठेवू नये. याही कारणासाठी ढिल्या स्प्रिंगचा चाप नको. जाळीचा पिंजरा घराजवळ, गोठ्यात, कणगीपाशी चांगला, कारण तिथे मुलांच्या बोटांची भीती असते. पण पिंजऱ्यात धरलेली घूस ओढ्यापलीकडे नेऊन सोडण्याची दया करू नका. ती शेजाऱ्याच्या बांधाला जाते किंवा तुमच्याच बांधाला परत येते. तमिळनाडूत तंजावरकडे शेतकरी बांबूचा धनुष्यासारखा सापळा करतात. बांबू वाकवून दोरी ताणायची, आमिष हलले की दोरी सुटून मान आवळते. बांबू घरचा असेल आणि हाताला कसब असेल तर स्वस्तात पुष्कळ सापळे होतात. जमिनीत पाण्याचे मडके पुरून त्यावर आमिष ठेवण्याची युक्ती बारीक उंदरांना ठीक, घुशीला माझ्या पाहण्यात तिचा विशेष उपयोग झालेला नाही.

चाप ठेवायचा तो बिळाच्या तोंडाशी किंवा बांधाच्या तळाशी घुशीच्या वाटेवर. ही वाट गवत दबून गुळगुळीत झालेली दिसते. चाप वाटेला आडवा ठेवावा, आमिषाची बाजू बांधाकडे. मोकळ्या रानात मध्येच ठेवलेल्या चापाकडे घूस जात नाही, ती कडेकडेने चालते.

आमिषाविषयी प्रत्येकाचे आपापले मत असते. भरडलेले शेंगदाणे तेलात मळून, भाकरीचा तुकडा तेलात बुडवून, सुका बोंबील, रताळ्याची फोड, हे सगळे चालते. कातकरी भाऊ खेकड्याचा नांगा लावीत आणि भाताच्या खाचरात त्याच्याइतके काही चालत नाही असे म्हणत. मला मात्र आमिषापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. माणसाच्या हाताच्या वासाला घूस बुजते असे जुने लोक सांगतात. माझा अनुभव असा की ती वासापेक्षा नव्या वस्तूला अधिक बुजते. काल नव्हते ते आज वाटेवर दिसले की लांबून वळसा घालते. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री चाप न ताणता नुसते आमिष लावून ठेवा. खाऊन जाऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या रात्री सगळे चाप एकदम ताणा. घाईने पहिल्याच रात्री ताणलेला चाप रिकामा राहिला की लोक म्हणतात सापळ्यात दम नाही. चापही मोजके नकोत. एकरभर रानाला दोन चाप घेऊन बसलात तर हंगाम संपेल, घुशी संपणार नाहीत. जेवढी जिवंत बिळे तेवढे चाप, नसतील तर वाडीतल्यांचे मागून आणा.

आणि वेळ. बहुतेक शेतकरी घुशीच्या मागे लागतात ते लोंबी कापलेली दिसल्यावर. तेव्हा उशीर झालेला असतो. समोर दुधात आलेला दाणा असताना तुमच्या शेंगदाण्याला कोण विचारतो? शिवाय तोवर बिळात पिले झालेली असतात. घुशीचा गाभणकाळ तीन आठवड्यांच्या आसपास, एका वेताला सहा-आठ पिले, कधी त्याहून जास्त. ती पिले तीन महिन्यांत स्वतः वितात. उन्हाळ्यात रान उघडे पडते, खायला मिळत नाही, तेव्हा उरलेल्या घुशी विहिरीच्या, ओढ्याच्या आणि भाजीच्या कडेला गोळा होतात. पाडव्यापासून पहिल्या पावसापर्यंतचे दिवस हे पकडण्याचे खरे दिवस. त्या वेळी एक मादी गेली म्हणजे भाद्रपदातल्या किती घुशी गेल्या याचा हिशेब तुम्हीच करा. लावणी झाल्यावर, पीक पोटरीवर येण्याच्या आत, आणखी एक फेरी घ्यावी.

बांध खोदून घुशी काढायच्या तर त्याही उन्हाळ्यातच. उभ्या पिकात बांध खोदला की फुटतो. कातकरी भावांना बोलवाल तर दिवसाची मजुरी ठरवून द्या. घुशी त्यांना खायला मिळतात, मग पैसे कशाला, असे म्हणणारे मी पाहिले आहेत. ते काम डोळ्यांचे आणि कसबाचे आहे, त्याचा दाम रोख द्यावा. खोदलेला बांध त्याच दिवशी चोपून घट्ट करावा.

मावशींच्या वाडीत त्या उन्हाळ्यात अडचण आली ती वेगळीच. मावशींनी आपला बांध साफ केला. पंधरा दिवसांत शेजारच्या बांधावरून घुशी येऊन त्याच रिकाम्या बिळांत राहू लागल्या. तयार घर कोण सोडणार? शेजाऱ्याशी बांधावरून त्यांचा जुना वाद, बोलणे बंद. शेवटी मावशी स्वतः त्यांच्या दारात गेल्या. काय बोलणे झाले मला माहीत नाही. पण पुढच्या आठवड्यात वाडीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी चाप लावले, गायरानाचा आणि पाणंदीचा बांधही धरला. शाळेतली पोरे सकाळी काड्या मोजत फिरत. पहिल्या दोन रात्री पुष्कळ घुशी सापडल्या, मग रोज कमी होत गेल्या. त्या वर्षीच्या दिवाळीत मावशींच्या कडेच्या खाचरातले भात पुरते खळ्यावर आले.

एक गोष्ट घरातल्या बायकांनी विशेष ध्यानात ठेवावी. मेलेली घूस उघड्या हाताने उचलू नका. हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला, हात-दीड हात खोल पुरा, चाप राख-पाण्याने धुऊन उन्हात टाका आणि हात साबणाने धुवा. घुशी-उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा ताप पसरतो. खाचरातल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून, विळ्याने कापलेल्या बोटातून तो शरीरात शिरतो. कोकणात या तापाने माणसे दगावली आहेत. भाताच्या दिवसांत थंडी वाजून ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर अंगारा-काढ्यात दिवस घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि मी चिखलात काम करतो, घुशी धरल्या होत्या, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

विष अजिबात वापरू नये असे मी म्हणत नाही. फार मोठ्या क्षेत्रावर कधी कधी इलाज नसतो. त्या वेळी सहायक कृषी अधिकाऱ्याला बांधावर आणा, आमिष बिळाच्या आत खोल जाईल असे पाहा, तोंड बुजवा आणि उरलेले घरात ठेवू नका. ब्रोमाडायोलोनच्या तयार वड्या मिळतात, त्याने घूस चार-सहा दिवसांनी मरते आणि बुजत नाही. पण अशी घूस खाल्लेल्या घुबडालाही ते विष बाधते. रात्री बांधावर बसणारे गव्हाणी घुबड आपला बिनपगारी राखणदार आहे. त्याला अशुभ म्हणून दगड मारतात, हे मला अजून पाहावत नाही. धामणीचेही तेच. ती गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते ही निव्वळ दंतकथा आहे. ती बिळात शिरून घुशीची पिले खाते, आणि विषारी नाही. खाचरात टी-आकाराचे बांबू रोवलेत तर घुबडाला बसायला जागा होते.

आता पत्र पाठवणाऱ्या मित्राला दोन शब्द. विहिरीजवळचे ढीग तुम्ही लिहिलेत. तिथून सुरुवात करा, कारण विहिरीची कड पोखरली तर ती पावसाळ्यात ढासळते. ढिगाची माती ओली होती की सुकी, मळ्यात एकूण ढीग किती आणि शेजारच्या बांधावर आहेत का, हे तुम्ही कळवले नाही. आज संध्याकाळी बोळे फोडून काड्या रोवा, उद्या सकाळी मोजा आणि आकडा कळवा. किती चाप लागतील ते पुढच्या पत्रात सांगतो.